घाणेरड्या वासाची बाटली

६ एप्रिल, रविवार

खोका आला. कुरिअरवाल्याने फाटकातूनच हाक मारली, "मॅडम, आत बर्फ आहे, लवकर उघडा!" आई म्हणाली, "बर्फात काय हाय? पापलेट?"

पापलेट नव्हतं. थाई हिरवी करी होती, पण अजून न झालेली. सगळं निवडून, मोजून, एकेका पुडीत भरलेलं आणि सोबत एक कार्ड. आधी काय टाकायचं, मग काय, कितपत परतायचं, त्याची रंगीत चित्रं. हा उद्योग यशराचा. यशरा माझी कॉलेजातली मैत्रीण, रेवदंड्याची. आता वाशीत असे खोके भरणाऱ्या कंपनीत नोकरीला आहे. एप्रिलभर दर रविवारी एक खोका मला भेट पाठवणार आहे. फोनवर म्हणाली, "विनिता, तू बी.एस्सी. झालीस आणि तुला अंडं उकडता येत नाही. या अल्लाह, मला सांगायला लाज वाटते."

ते खरंच आहे. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली. प्रमाणपत्र एकवीरा आईच्या फोटोशेजारी टांगलंय. त्या कागदापायी आईने मला कधी चुलीपाशी उभं राहू दिलं नाही. "तू शिक, हे मी बघते," एवढंच. नागावला पाहुणे येतात ते काही आमच्या दोन खोल्यांसाठी येत नाहीत, आईच्या हातच्या कालवणासाठी येतात. पण हल्ली ती फार दमलेली दिसते. माघात ताप आला होता, तेव्हापासून. मीठ जास्त पडतं. परवा दूध उतू जाऊन पार करपलं आणि ही दोन हातांच्या अंतरावर तांदूळ निवडत बसली होती.

म्हणून मी ठरवलंय की या महिन्यात दर रविवारी आईला सुट्टी. बाईने जन्मभर चुलीपाशी का बसायचं? कुठल्यातरी एका घरातून हे बदलायला हवं. जेवताना मी तसं बोलून दाखवलं. बाबा म्हणाले, "बदल गो, पण भाकरी ऱ्हाऊ दे."

त्याच दिवशी, जेवणं झाल्यावर

करी झाली. हिरवी झाली, एवढं नक्की. लेमनग्रास म्हणून जे पुडीत आलं, तो आमच्या विहिरीपाशी माजलेला गवती चहा निघाला. नारळाचं दूध पुठ्ठ्याच्या डब्यातून आलं. बाबा तो डबा हातात घेऊन आधी त्याकडे आणि मग वर आमच्या माडांकडे बघत राहिले. "यांना सांगू नको," म्हणाले, "रागावतील."

बाबांनी दोन घास खाल्ले आणि लोणचं मागितलं. आईने मात्र वाटी पुसून खाल्ली. "तिखट हाय, आंबट हाय. लागतंय काहीतरी," म्हणाली. मला इतका आनंद झाला! लोक उगाच म्हणतात की जुन्या बायकांना नवं रुचत नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

वाईट बातमी. मागच्या आठवड्यातल्या ठाण्याच्या पाहुण्यांनी आमच्या इंटरनेटवरच्या पानावर लिहिलंय, "खोली स्वच्छ, माणसं प्रेमळ, मासे शिळे, कालवण खारट." आरक्षणाचं सगळं मीच बघते, त्यामुळे आईपर्यंत हे पोचू दिलं नाही. बाबांना तेवढं सांगितलं. ते विडी न पेटवताच हातात धरून बसले.

आज सकाळी ते आईबरोबर मासे आणायला गेले. उभ्या जन्मात कधी गेले नव्हते! नीराकाकी कुंपणापलीकडून ओरडल्या, "अवो भावजी, लगीन नवीन झाला काय?" बाबा म्हणाले, "जुना झाला म्हनून तर पिशवी धरतो." या वयात दोघांचं असं फुललेलं बघून मला बरं वाटलं. माझं सुट्टीचं धोरण कामी येतंय.

एक मात्र खटकतं. बाबा हल्ली फार हावरट झालेत. पाहुण्यांची ताटं बाहेर जायच्या आधी प्रत्येक पातेल्यात बोट घालून चाटतात. आज मी त्यांना चांगलं सुनावलं. म्हटलं, पाहुण्यांनी पाहिलं तर काय वाटेल? ते आईकडे बघून हसले फक्त.

१३ एप्रिल, रविवार

दुसरा खोका, नूडल्सचा. त्यात एक छोटी बाटली होती, मासे आंबवून काढलेल्या पाण्याची. कार्डावर लिहिलंय की या पदार्थाचा आत्माच हा. मी झाकण उघडलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांचं बालपण वाळत घातलेल्या बोंबलांखाली गेलंय, जवळ्याच्या पोत्यावर ते झोपू शकतात, पण तेही उठून ओटीवर गेले. तिकडून म्हणाले, "काय मेलाय का घरात?"

आईने बाटली शांतपणे नाकाशी धरली, पुन्हा एकदा धरली आणि म्हणाली, "चांगला हाय की वास."

तिच्याकडून खरंच शिकण्यासारखं आहे. आम्ही शिकलेली माणसं नाकं मुरडतो आणि ती मोकळ्या मनाने नव्याचं स्वागत करते! यशराला लगेच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "आंटी ग्रेट आहेत. आमच्या ऑफिसात तो वास कुणालाच सहन होत नाही."

नूडल्सचा गोळा झाला. तो गोळा आईने वरच्या दाण्यांसकट कुरुमकुरुम करत संपवला.

मघाशी पाहिलं तर तिने रिकाम्या पुड्या धुऊन ओळीने दोरीवर वाळत घातल्या होत्या आणि सोबत आलेला मोजायचा प्लॅस्टिकचा चमचा मिठाच्या बरणीत ठेवला होता. आमच्या पिढीला ही काटकसर जमणार नाही.

१६ एप्रिल, बुधवार

आज आईने सगळ्यांना धक्का दिला. वर्षाच्या मसाल्याचा विषय निघाला होता. मसाला म्हणजे आमच्याकडे सोहळा असतो. पाच घरांच्या मिरच्या आमच्या अंगणात वाळतात, अंगणातल्या चुलीवर मोठ्या कढईत भाजल्या जातात आणि मग डंकावर कुटायला जातात. भाजणारे हात बाकीच्या बायकांचे. आई फक्त जवळ उभी असते आणि वास बदलला की "उतरवा!" म्हणते. क्षणभर आधी उतरवली तर मसाला कच्चा राहतो, क्षणभर उशीर झाला तर वर्षभर कडू. आईचं कधी चुकलं नाही.

नीराकाकी दिवस ठरवायला आल्या होत्या. आई सुपातले धणे चाळवत म्हणाली, "यंदा मी न्हाय बसत. विकतचा आनू."

नीराकाकींचा पदर डोक्यावरून घसरला. "वैनी, बरी हायस ना? विकतचा मसाला? माझ्या पोराच्या साखरपुड्याला मटनात दुकानची पुडी घालू?"

"तुला भाजता येतंय की."

"मना हात हायत, नाक कुटं हाय?" नीराकाकी म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

मी मनातल्या मनात उडी मारली. मला हवं होतं ते आईने आपणहून म्हटलं! मी तिला मिठी मारून सांगितलं की तू योग्य निर्णय घेतलास, हे खरं स्वातंत्र्य. ती म्हणाली, "व्हय का?" आणि मग बराच वेळ तेच धणे चाळवत राहिली. त्यात एक खडा नव्हता.

१७ एप्रिल, गुरुवार

आई दिवसभर गप्प. स्वातंत्र्याची सवय व्हायला वेळ लागत असावा.

२० एप्रिल, रविवार

तिसरा खोका पास्त्याचा. काकडीसारखी दिसणारी पण काकडी नसलेली एक भाजी, तुळशीची लांबची बहीण असलेली पानं, आणि पांढऱ्या साबणासारखं चीज. या वेळी मला जमलं! बाबांनी दुसऱ्यांदा घेतला. लोणच्याबरोबर घेतला, पण घेतला.

कार्डाच्या मागे एक खेळ होता. घरातल्यांनी डोळे मिटायचे आणि पदार्थ नाकाशी धरून ओळखायचे. मी पंचेच बांधले. बाबांनी कॉफीला "आपला शिवदासचा दुकान" म्हटलं. शिवदास वाण्याकडे खरंच दुकानभर तोच वास असतो. मी त्यांना अर्धा गुण दिला. आई आधी नको नको म्हणाली. मी हट्ट केला. तिच्या नाकाशी आलं धरलं तर म्हणाली, "कॉफी." मी म्हटलं, आई, नीट खेळ ना, थट्टा काय करतेस! बाबा मधेच म्हणाले, "ऱ्हाऊ दे गो, पोरखेळ." मी सोनचाफ्याचं फूल धरलं. तिने दोनदा खोल श्वास ओढला. मग एकदम पंचा काढून उठली, "काहीतरी करपतंय," म्हणत आत गेली.

आत गॅसवर काहीच नव्हतं. सगळं ओट्यावर झाकलेलं. पण तिच्या मनात सतत स्वयंपाकघरच असतं, त्याला ती तरी काय करणार.

२३ एप्रिल, बुधवार

आज अक्षर वाईट येईल.

संध्याकाळी अलिबागहून परत आले. ओटीवर पाय ठेवला आणि गॅसचा वास भपकन अंगावर आला. धावत आत गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण तसंच चालू. आणि दिवाबत्तीची वेळ म्हणून आई देवापाशी उभी होती. एका हातात काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी.

मी ती काडी तिच्या हातातून हिसकली. तिचं बोट पिरगळलं. गॅस बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या आणि तिला ओढत विहिरीपाशी नेलं. मी ओरडत होते, "तुला वास आला नाही? एवढा वास, तुला आला नाही?"

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "न्हाय."

त्या एका 'न्हाय'ने सगळं जुळलं. दूध. मीठ. बाटली. आलं.

२४ एप्रिल, गुरुवार

आई बोलली. माघातल्या तापापासून तिला कसलाच वास येत नाही. आधी वाटलं सर्दी आहे, जाईल. सर्दी गेली, वास आला नाही. जेवणात नुसतं तिखट, आंबट, खारट कळतं, बाकी सगळं मातीसारखं. "तुझ्या त्या खोक्यातला जेवान मना बरा वाटला," म्हणाली. "तो कसा लागाया पायजे ते मना ठावूकच न्हवतं. काय हरवला तेही कळत न्हाय मग."

बाबांना माहीत होतं. म्हणजे ते बाजारात पिशवी धरायला जात नव्हते, मासे हुंगायला जात होते. ताटं बाहेर जायच्या आधी बोट का घालत होते तेही कळलं. आणि मी त्यांना हावरट म्हटलं.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"काय सांगू? पाच घरांचा मसाला माझ्या एका शब्दावर उतरतो. तू शिकलीस, तुझा कागद भिंतीवर लावलाय. मना काय कागद हाय? लोकं माझ्या नावानं 'कमळचा मसाला' म्हनतात, तेवढाच."

मी तिचं 'स्वातंत्र्य' साजरं करत होते त्या दिवशी.

२६ एप्रिल, शनिवार

अलिबागला नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. तापानंतर असं होतं, म्हणाले. परत येईलही, पण घाई चालणार नाही. रोज सकाळ-संध्याकाळ उग्र आणि ओळखीचे वास घ्यायचे, लवंग, लिंबू, निलगिरी असे, आणि ते कसे होते ते आठवायचं. परतीच्या वाटेवर बाबांनी गॅस गळला की ओरडणारं एक यंत्र घेतलं. घरी आल्यावर ते फोडणीला पण ओरडलं.

मसाल्याच्या दिवशी वास मी घेईन, हे मी आईला एसटीतच सांगितलं. ती म्हणाली, "तुला कूकरची शिट्टी मोजता येत न्हाय, तू मसाला सांगनार?"

पण मला मसाला खरंच माहीत आहे! दर वर्षी मसाल्याच्या दिवशी मला पुस्तकं घेऊन माडीवर पाठवायचे. तिथे तो वास खिडकीतून यायचा. आधी नुसता ठसका, मग भाजक्या दाण्यांसारखा, मग एकदम गोडसर काहीतरी. आणि तो गोडसर वास आला की खालून आईचा आवाज यायचा, "उतरवा!" हे दर वर्षी याच क्रमाने. मी रसायनशास्त्र पाठ करत होते आणि नाक आपलं वेगळंच काही शिकत होतं.

आई खिडकीबाहेर बघत राहिली. चौल फाटाही गेला, तेव्हा म्हणाली, "गोडसर. व्हय. गोडसरच."

बाबा पुढच्या बाकावरून वळून म्हणाले, "अगो, आपण नागाव मागंच सोडला. उतरा!"

२७ एप्रिल, रविवार

शेवटचा खोका आईने केला. मी कार्ड वाचलं, तिने पुड्या कापल्या. चमचा सपाट करून बघायची, पुन्हा विचारायची, "किती लिवलाय?" जपानी पद्धतीचं सूप होतं. बाबा बोट घालायला आले तर तिने हातावर चापट मारली, "मोजून टाकलाय, गरज न्हाय." बाबांनी लोणचं मागितलं नाही. तसं त्यांनी सूपही मागितलं नाही.

नीराकाकींना कुंपणावरून हाक मारून आईने सांगितलं की मसाला शुक्रवारी. "आली शुद्धीवर," असं म्हणून काकींनी कैऱ्या पाठवल्या.

२ मे, शुक्रवार

सकाळपासून अंगणात मिरच्यांचा लाल गालिचा आणि पाच घरच्या बायका. आमचं ठरलं होतं असं: मी आईच्या मागे उभं राहायचं आणि तो गोडसर वास आला की तिचा पदर ओढायचा. बाकी तिचं काम.

पहिली कढई चढली. ठसका आला. दाणे आले. मग तो आला, माडीच्या खिडकीतला! मी पदर ओढला. "उतरवा!" आई कडाडली. तोच जुना आवाज. नीराकाकींनी चिमूट जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. "वैनी," म्हणाल्या, "आनि तू विकतचा आननार व्हतीस!"

मग मला बघून सगळ्यांना सांगायला लागल्या, "शिकून मोठी झाली, पन आईचा पदर काय सोडवत न्हाय हिला!" बायका हसल्या. मी पदर आणखी घट्ट धरला.

चार घरांचं निभावलं. शेवटची कढई नीराकाकींची, साखरपुड्याची. आणि तेव्हाच मला शिंका सुटल्या. एकामागून एक. डोळे गळायला लागले, नाक बंद. तोंड धुवून आले तरी काही नाही, नुसती आग. वास म्हणून काही उरलाच नाही. आईने मान वळवून पाहिलं. मी मान हलवली, नाही म्हणून. दोघींकडे मिळून एक नाक होतं, तेही गेलं.

नीराकाकी झारा फिरवत होत्या. "वैनी?"

आई कढईकडे वाकली. रंग बघत असेल असं मला वाटलं, पण तिने डोळे मिटले होते. बायका बोलत होत्या, तिने हाताने त्यांना गप्प केलं. अंगणात फक्त झाऱ्याचा आणि मिरच्यांच्या बियांचा तडतड आवाज. मग तडतड विरळ झाली.

"उतरवा."

कडाडून नाही, साधंच म्हणाली. नीराकाकींनी चिमूट घ्यायच्या आत बाबा कुठूनसे पुढे आले आणि त्यांनी बोट घातलं. काकी ओरडल्या, "भावजी, लाज हाय का काय!" बाबा बोट तोंडात ठेवूनच उभे राहिले. मग आईकडे बघून नुसती मान डोलावली.

नंतर मी विचारलं, कसं कळलं? आई म्हणाली, "कढई गप झाली. इतकी वर्सं ती पन सांगत व्हती गो, मी नाकाच्याच नादात व्हते."

मग ती स्वतःच उठून नीराकाकींकडे गेली. काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. काकी आधी रडल्या, मग आईला शिव्या घालायला लागल्या, माघापासून लपवल्याबद्दल. जाताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचा दिवस आताच ठरवून ठेव."

१८ मे, रविवार

रोज दोन वेळा लवंग, लिंबू, निलगिरी चालू आहे. आई शाळेतल्या मुलीसारखी मांडी घालून बसते. काही नाही म्हणते आणि कामाला लागते. ठाण्याहून दुसरं एक कुटुंब येऊन गेलं. त्यांनी कालवणाबद्दल जे लिहिलंय ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. माझ्या भाकऱ्यांबद्दल त्यांनी काही लिहिलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा.

आज मी फळी आवरत होते. मागे ती बाटली सापडली, आंबवलेल्या माशांची. उन्हाळ्यात आणखीच जहाल झाली असणार. श्वास धरून टाकायला निघाले तर आई म्हणाली, "आन इकडे. लिंबाचा कंटाळा आला."

झाकण उघडून तिने नाकाशी धरली. बाबा ओटीवरून, "झाकन लाव गो!" म्हणून ओरडले. आईने पुन्हा धरली. मग तिच्या नाकपुडीपाशी एक बारीकशी सुरकुती पडली. मग सगळं तोंड वाकडं झालं.

"शी!" ती म्हणाली. "कसला घान!"

"लांबून येतोय," ती म्हणाली, "बंदरावरनं आल्यासारखा. पन येतोय." तिने पुन्हा बाटली नाकाशी धरली, पुन्हा "शी गो बाय!" म्हणाली आणि हसायला लागली. मी पळत जाऊन लवंग आणली. लवंग काही आली नाही. नाही तर नाही.

बाबा दारात येऊन उभे होते. डोळ्यांना पंचा लावला होता. मी विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "मसाला गेला डोळ्यात."

मसाला कुटून पंधरवडा झाला.